रस्त्यावर राहा, पण पत्त्यावर आजारी पडा

नाशिकच्या इंदिरानगरचा टू-बीएचके विकलात, ट्रॅव्हलर घेतलीत, मागच्या सीटा काढून पलंग, ओटा आणि छोटा फ्रीज बसवलात. सोसायटीच्या ग्रुपमधून स्वतःहून बाहेर पडलात, त्याबद्दल तर विशेष अभिनंदन. आता कायमचं गाडीतच राहायचं. सकाळी पांडवलेणी, संध्याकाळी इगतपुरी, जमलंच तर पुढे थेट लडाख. एवढं सगळं ठरल्यावर वहिनींनी विचारलं असेल, "आणि मेडिक्लेमचं काय?" त्यांना गप्प करायला निघाला असाल तर आधी हे वाचा.

गाडीची चिंता नको. तिचा थर्ड पार्टी विमा कायद्यानेच सक्तीचा आहे, विम्याशिवाय द्वारका सर्कलला सापडली तर पावती फाटते. तिच्यात झोपणाऱ्या माणसाचा विमा मात्र ऐच्छिक. मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघात कवच असतं, पण ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरतं. डेंग्यू या दोन्हींत बसत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की आजारी पडण्याच्या फंदात न पडता सरळ अपघात करून घ्या. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजना आहे. दीड लाखापर्यंतचे उपचार, जास्तीत जास्त ७ दिवस. अपेंडिक्सच्या बाबतीत सरकारने अजून इतकी तत्परता दाखवलेली नाही.

तरीही पॉलिसी घ्यायचीच असेल तर एजंट शोधावा लागत नाही. नाशकात प्रत्येकाच्या शाळेच्या वर्गातला एक जण तरी एजंट झालेलाच असतो. तो प्रेमाने फॉर्म भरायला घेईल आणि तिसऱ्याच रकान्यात अडेल. पत्ता? "सध्या गंगापूर धरणाजवळ, परवा सिन्नर" हे त्या रकान्यात मावत नाही. शिवाय पिनकोडला वजन आहे. काही कंपन्या देशाचे झोन पाडतात आणि शहर बघून हप्ता ठरवतात. स्वस्त झोनचा हप्ता भरून महागड्या शहरात ॲडमिट झालात तर बिलाचा ठरावीक टक्का तुमच्या खिशातून जातो. तेव्हा कसारा घाट उतरताना छातीत कळ आली तर घाबरू नका. गाडी वळवा, घाट पुन्हा चढा आणि शहरात येईपर्यंत दम धरा. नाशकातला मुंबई नाका चालेल, मुंबई नको.

पत्ता सिडकोतल्या मेहुण्याचा द्या. पॉलिसी हल्ली ईमेलवर येते, त्यामुळे त्याला फार त्रास नाही. फक्त कंपनीचा माणूस चौकशीला आला आणि "दाजी घरी आहेत का?" म्हणाला, तर "कुठले घरी, काल स्टेटसला पँगाँग होतं" असं उत्तर जाता कामा नये. त्यासाठी मेहुण्याला दिवाळीला बरंसं काही घेऊन जा.

तुमच्याआधी रस्त्यावर राहायला गेलेले लोक या गावात कमी नाहीत. आडगावच्या ट्रक टर्मिनलला केबिनमध्येच संसार करणारे ड्रायव्हर आहेत. त्यांच्या राहण्याला कुणी जीवनशैली म्हणत नाही आणि फ्रीजही कुणी बसवून दिलेला नाही. पंचवटीत तर साक्षात रामचंद्रांचा मुक्काम होता. कायमचा पत्ता अयोध्या, पत्रव्यवहाराचा पत्ता दंडकारण्य, मुदत १४ वर्षं. निभावलं, कारण केवायसी नव्हतं. शूर्पणखेने मात्र क्लेम टाकला असता तर "सौंदर्य शस्त्रक्रिया, वगळलेली बाब" असा शेरा घेऊन फाइल परत आली असती. अपघातात नाक गेलं तर दुरुस्तीचा खर्च मिळतो. लक्ष्मणाने कापलं हा अपघातच होता, हे तिने कागदोपत्री सिद्ध करायचं.

वयाचं म्हणाल तर ६५ नंतर नवी पॉलिसी नाही, ही जुनी अट विमा नियामकाने २०२४ मध्ये काढून टाकली. आता कंपनी तुम्हाला वयावरून नकार देत बसत नाही. ती हप्ता सांगते, नकार तुम्ही देता. हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसींवर शून्य झाला आहे, तेवढेच डिझेलचे सुटले. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागू शकतं. पूर्वी ४ होती, म्हणजे प्रगती आहे.

इथे वर्गमित्र खुर्ची जवळ ओढून म्हणेल, "शुगर लिहू नको रे, सगळेच लपवतात." जरूर लपवा. सलग ६० महिने हप्ते भरले की माहिती दिली नाही या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. फसवणूक आणि विसरभोळेपणा यांतली रेघ कुठे असते, ते कंपनीच्या वकिलाला बरोबर माहीत असतं. शिवाय तोवर पाच वर्षं शुगरने समजूतदारपणे वागायचं आहे. आणि ती वागलीच, तरी ॲडमिट करताना डॉक्टर तुम्हाला नाही, सोबतच्या माणसाला विचारतात. वहिनी काळजीने, अगदी तारखेनिशी सांगतात, "आठ वर्षं झाली हो, सकाळ-संध्याकाळ गोळी आहे." ते वाक्य केसपेपरवर जातं, केसपेपर टीपीएकडे, म्हणजे क्लेम तपासणाऱ्या मधल्या कंपनीकडे जातो आणि वर्गमित्राचा फोन स्विच ऑफ जातो.

आता हॉस्पिटल. तुम्हाला वाटतं, लाल अधिकचं चिन्ह आणि सलाईनचा स्टँड दिसला की झालं. पॉलिसीच्या मागच्या पानांवर व्याख्या आहे. संस्था रीतसर नोंदलेली हवी. ते नसेल तर १० लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, इतरत्र १५, चोवीस तास नर्स आणि स्वतःचं ऑपरेशन थिएटर हवं. म्हणून त्र्यंबकच्या पुढे, जव्हारच्या रस्त्याला पोटात मुरडा आला तर आधी आत जाऊन खाटा मोजा. नऊ भरल्या तर मुरडा पुढच्या गावाला न्या. दहा असतील तर लोकसंख्या विचारून घ्या.

कॅशलेससाठी हॉस्पिटल कंपनीच्या यादीतच हवं, असं आता नाही. जानेवारी २०२४ पासून यादीबाहेरही कॅशलेसची सोय जाहीर झाली आहे. ठरवून ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी कळवा, अचानक झालं तर दाखल झाल्यापासून ४८ तासांत कळवा. फक्त त्या हॉस्पिटलनेही ते मान्य करावं लागतं, आणि स्पितीच्या डॉक्टरला नाशिकच्या वर्गमित्राचं किती कौतुक असेल ते तुम्हीच ठरवा. रेंज नसेल तर टेकडीवर चढून टोल-फ्री लावा, हृदयाची चाचणी तिथेच होऊन जाते. डिस्चार्जच्या वेळी कंपनीने ३ तासांत अंतिम मंजुरी द्यावी, असा नियम आहे. उशीर झाला तर हॉस्पिटलचे जादा पैसे कंपनीने भरायचे. बिलिंगच्या खिडकीवर हा नियम मोठ्याने म्हणून बघा. खिडकीतली ताई मान वर करून बघेल, हेही पुष्कळ.

सगळ्यात सुंदर कलम शेवटी ठेवलं आहे. काही पॉलिसींत घरच्या घरी घेतलेल्या उपचारांचाही खर्च मिळतो. रुग्णाला हलवणं शक्य नसावं किंवा हॉस्पिटलमध्ये जागा नसावी, ही अट. तुमचं घर म्हणजे गाडी. आता हलवता न येणारा रुग्ण ताशी ६० च्या वेगाने धुळ्याकडे चालला आहे, हे क्लेमच्या साहेबांना पटवून द्या. ते म्हणतील हे वाहन आहे, मोटार विभागाकडे जा. मोटार विभाग म्हणेल आत पलंग आणि ओटा आहे, हे घर आहे. दोन्ही विभाग बहुतेक एकाच मजल्यावर असतात, जिना तरी वाचतो.

इतकं नको असेल तर महात्मा फुले योजना आहे. रेशनकार्ड असलेल्या राज्यातल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, तेही राज्यातल्या ठरलेल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या आजारांसाठी. म्हणजे भटकंती महाराष्ट्रातच करायची. गुजरातेतल्या सापुताऱ्याला सूर्यास्त जरूर बघा, पण चक्कर आली तर वणीकडे तोंड करून पडा.

फॉर्मच्या तळाशी नॉमिनीचा रकाना आहे. तिथे बिनधास्त वहिनींचं नाव लिहा. त्यांचाही पत्ता मागतील. "शेजारच्या सीटवर" असं लिहिलेला फॉर्म परत येतो, आणि परत येतो तो मेहुण्याकडे.