‘आरए निगेटिव्ह’ म्हणणाऱ्या दादांना

नमस्कार दादा,

ऱ्हुमॅटॉइड संधिवात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आजार, लवकर ओळखण्याबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘ताई, तुम्ही डॉक्टर नाही. आरए (या आजारासाठीची रक्तचाचणी) निगेटिव्ह आला की विषय संपला. उगाच बायकांना घाबरवू नका.’

एक गोष्ट आधी मान्य करते. ‘बायकांचा आजार’ हे मी चुकीचं लिहिलं होतं. बायकांमध्ये प्रमाण जास्त आहे, पण पुरुषांनाही होतो. दुरुस्ती केली आहे.

पण ‘उगाच’? हा शब्द मला लागला.

2006 साली नागपुरात चिकनगुनिया घरोघरी होता. आमच्या महाल भागातल्या घरीही आला. सगळ्यांचा ताप उतरला, आईची बोटं मात्र मोकळी झालीच नाहीत. सकाळी तास-दीड तास मूठ वळायची नाही. दुधाची पिशवी ती दातांनी फाडायची आणि आम्हाला वाटायचं, घाईत आहे. गल्लीतल्या डॉक्टरांनी आरए करायला लावला. निगेटिव्ह. ‘चिकनगुनियाचंच राहिलंय, जाईल हळूहळू.’ अकरा महिने नुसत्या दुखण्याच्या गोळ्या! शेवटी धंतोलीत एका संधिवाततज्ज्ञांनी तिचा पंजा बोटांच्या मुळाशी हलकेच दाबला आणि आई कळवळली. अँटी-सीसीपी ही ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचीच दुसरी रक्तचाचणी पॉझिटिव्ह निघाली. तोवर एक्स-रेत हाडं कुरतडलेली दिसत होती. ती झीज औषधाने भरून येत नाही. पहिल्या काही महिन्यांतच औषध सुरू व्हावं म्हणून मी ओरडते, ते यासाठी.

मी डॉक्टर नाही, खरंय. पण हा आजार ओळखताना डॉक्टर ज्या 2010 च्या निकषांवर चालतात, त्यात 10 पैकी 6 गुण लागतात. दहाहून जास्त सांधे सुजलेले किंवा दुखरे असले आणि त्यात लहान सांधे असले तर 5 गुण, त्रास सहा आठवडे टिकला की आणखी 1. म्हणजे आरए आणि अँटी-सीसीपी दोन्ही निगेटिव्ह असूनही निदान होऊ शकतं. हे वाचायच्या आधीच तुम्ही मला शिकवायला निघालात. हा सूर बरा नाही, दादा.

या आजारावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच आणि अधूनमधून रक्त तपासत घ्यायचं असतं, त्याचं तज्ज्ञ बघतील.

तुमच्या प्रतिक्रियेतली शेवटची ओळ मी तीनदा वाचली. ‘माझ्या मिसेसची बोटंही सकाळी आखडतात, पण ते थंडीमुळे.’ किती आठवडे झाले, ते तुम्ही लिहिलं नाही. त्यांना सकाळी मूठ वळवून दाखवायला सांगा, आणि या आठवड्यातच घेऊन जा.