मेडिकेड, दाढा आणि जबाबदारी : एका दंतवैद्य वाचकाला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

मेडिकेडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, कार्डावर दातांचे कोणते उपचार मिळतात यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमची लांबलचक आणि बरीच रागावलेली प्रतिक्रिया आली. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देते. तुमचं न्यू जर्सीत स्वतःचं क्लिनिक आहे, तुम्ही मेडिकेड घेत नाही, आणि मी दंतवैद्यांना खलनायक ठरवलं असं तुम्हाला वाटतं. तुमचं म्हणणं असं : सरकारी फीमधून खर्चही सुटत नाही, हे पेशंट वेळ घेतात पण येत नाहीत, मोठ्या माणसाच्या दातांची जबाबदारी त्याची त्याने घ्यावी, आणि भारतातल्या गरिबाला यातलं काहीच मिळत नसताना इथल्यांनी तक्रार कशाला करायची?

फीच्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूची आहे. न्यूयॉर्कमधल्या एका कम्युनिटी हेल्थ सेंटरच्या डेंटल विभागात मी बिलिंग बघते, त्यामुळे कुठल्या कामाचे किती डॉलर परत येतात हे रोज डोळ्यांसमोर असतं. बहुतेक राज्यांत मेडिकेडची फी खाजगी विम्याच्या फीपेक्षा बरीच कमी असते, कित्येक ठिकाणी निम्म्याहून कमी. शिवाय नियम असा की मेडिकेडने दिलं ते पूर्ण समजायचं, वरचा फरक पेशंटकडून घ्यायचा नाही. कर्ज काढून शिकलेल्या, खुर्च्या आणि एक्स-रे मशीन हप्त्याने घेतलेल्या दंतवैद्याने याला नकार दिला तर त्यात मला लोभ दिसत नाही. देशातले दहातले जेमतेम चार दंतवैद्य मेडिकेडमध्ये आहेत, आणि त्यातलेही सगळे नवे पेशंट घेतात असं नाही.

आमच्यासारख्या सेंटरांचा हिशेब वेगळा असतो. आम्हाला एकेका कामाचे नाही, तर एका भेटीचे ठरलेले पैसे मिळतात. म्हणून आम्ही तगतो. (या पद्धतीलाही खोट आहेच. चार फिलिंग एका दिवसात उरकायची की चार वेळा बोलवायचं, यात पेशंटची सोय एकीकडे आणि सेंटरची कमाई दुसरीकडे ओढते. तुम्हाला हे समजावून सांगायला नको.)

पण फी वाढवली की सगळं मार्गी लागेल हे काही मला पटत नाही. मिशिगनने २००० साली काही काउंटींमध्ये मुलांचा कार्यक्रम एका खाजगी डेंटल विमा कंपनीकडे सोपवला. फी जवळजवळ बाजारभावाने दिली, दंतवैद्यांचं जाळंही त्या कंपनीचंच वापरलं. मुलं दंतवैद्यापर्यंत पोचू लागली, आणि पुढे ती योजना राज्यभर नेली गेली. तिथे फी वाढली हे खरं. पण त्याच बरोबर सरकारी फॉर्म, सरकारी फोन आणि सरकारी ‘थांबा, कळवतो’ यांतूनही दंतवैद्य सुटले. यातलं कशाने जास्त काम केलं हे तुमच्या फ्रंट डेस्कला विचारून बघा.

आता न येणारे पेशंट. हा त्रास खरा आहे, आमचीही दुपार अशी रिकामी जाते, आणि चुकलेल्या भेटीचे पैसे मेडिकेडच्या पेशंटकडून घेता येत नाहीत. पण ही माणसं कोण आहेत? तासावर मजुरी करणारी. रजा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. मेडिकेड येण्याजाण्याची सोय करतं, पण गाडी काही दिवस आधी सांगावी लागते, आणि दाढ काही दिवस आधी सांगून दुखत नाही. संध्याकाळच्या वेळा आणि नंबर न लावताच येणाऱ्यांसाठी रोज थोडी जागा ठेवली, तर फरक पडतो. पूर्ण नाही, पण पडतो.

खरा वाद तुमच्या तिसऱ्या मुद्द्याशी आहे, आणि तिथे मी हटणार नाही. ‘ज्याने दात सांभाळले नाहीत त्याच्यासाठी माझ्या टॅक्समधून रूट कॅनल का?’ असं तुम्ही लिहिलंत. न्यूयॉर्कमध्ये कित्येक वर्षं एक नियम होता. तोंडात वरचे चार आणि खालचे चार मागचे दात एकमेकांवर टेकत असतील, तर तेवढ्यावर चावता येतं असं धरायचे, आणि दुखणाऱ्या दाढेचं रूट कॅनल किंवा तिच्यावरची कॅप सहसा नामंजूर करायचे. दाढ काढायला मात्र मेडिकेड पैसे देई. म्हणजे ज्या बाईने बाकीच्या दाढा नीट जपल्या, तिलाच सांगायचं की तुझ्याकडे पुरेशा आहेत, ही उपटून टाक. उद्या आणखी दोन गेल्या की मग तुझा विचार करू. तुम्ही म्हणता ती जबाबदारी जिने पाळली, तिला ही शिक्षा होती! मी असे नकार फोनवर लोकांना वाचून दाखवलेत. दुसऱ्या बाजूला शांतता पसरते, आणि मग बहुतेकजण ‘बरं, काढा मग’ म्हणतात.

हा नियम कोणा दयाळू अधिकाऱ्याला सुचलं म्हणून सुटला नाही. त्याविरुद्ध कोर्टात सामूहिक दावा चालला, २०२३ मध्ये तडजोड झाली, आणि ३१ जानेवारी २०२४ पासून न्यूयॉर्कच्या मेडिकेडमध्ये वैद्यकीय गरज दाखवली तर रूट कॅनल, कॅप, काही वेळा इम्प्लांटसुद्धा मिळू लागलं. त्यानंतरही प्रायर ऑथरायझेशनचे, म्हणजे उपचाराआधी घ्यायच्या मंजुरीचे, कागद भरावे लागतात, नकार येतात, अपील करावं लागतं. पण ‘तुमच्याकडे आठ आहेत’ हे वाक्य आता मला उच्चारावं लागत नाही.

मुळात दातांना वेगळं धरण्याचा हा भेद कायद्यातच आहे. १९६५ साली मेडिकेअर आणि मेडिकेड एकत्र जन्मले. म्हाताऱ्यांच्या मेडिकेअरमधून नेहमीचे दंतोपचार कायद्यानेच वगळले. मेडिकेडमध्ये एकवीस वर्षांखालच्या मुलांना दातांचे उपचार देणं राज्यांवर बंधनकारक आहे, मोठ्यांना देणं मात्र राज्याच्या मर्जीवर. म्हणून एकविसावा वाढदिवस झाला की तोच माणूस, तीच दाढ, आणि एका राज्यात उपचार तर दुसऱ्या राज्यात फक्त तातडीचं दात काढणं. तुमच्या न्यू जर्सीत मोठ्यांनाही बऱ्यापैकी उपचार मिळतात. टेनेसीत मोठ्यांसाठी ही सोय २०२३ मध्ये आली. अशा मर्जीच्या सोयीवर तिजोरी आटली की पहिली कुऱ्हाड पडते. कॅलिफोर्नियाने २००९ च्या मंदीत मोठ्यांचे बहुतेक दंतोपचार बंद केले, काही २०१४ मध्ये परत आणले आणि उरलेले २०१८ मध्ये. मधल्या काळात दातांसाठी इमर्जन्सीत जाणाऱ्यांची संख्या वाढली. एका अभ्यासात ही वाढ वर्षाला १८०० हून अधिक भेटींची निघाली. इमर्जन्सीत काय मिळतं तेही तुम्ही जाणता : अँटिबायोटिक, वेदनाशामक, आणि ‘दंतवैद्याला दाखवा’. बिल सरकारलाच, दाढ आहे तिथेच.

मुलांच्या बाबतीत हक्क कागदावर पक्का आहे, तरी काय होतं याचं उदाहरण मेरीलँडचं. डिअमाँटे ड्रायव्हर, वय बारा. २००७ च्या फेब्रुवारीत तो गेला. किडलेल्या दातातला संसर्ग मेंदूपर्यंत पोचला होता. त्याची आई त्याच्या धाकट्या भावासाठी मेडिकेड घेणारा दंतवैद्य शोधत होती, कारण तक्रार त्या भावाची होती. मध्येच कुटुंबाचं मेडिकेड खंडित झालं. नूतनीकरणाचे कागद बहुधा ते राहून गेलेल्या निवाऱ्याच्या पत्त्यावर गेले असावेत. दात काढायला सुमारे ८० डॉलर लागले असते. मेंदूच्या दोन शस्त्रक्रिया आणि हॉस्पिटल मिळून सुमारे अडीच लाख डॉलर झाले. त्यानंतर मेरीलँडने फी वाढवली, मुलांच्या दंतविम्याचा सगळा कारभार एकाच व्यवस्थापकाकडे दिला, आणि मेडिकेड घेणारे दंतवैद्य बरेच वाढले. तुमचा फीचा मुद्दा इथे सिद्ध होतो, डॉक्टर. पण कागद चुकीच्या पत्त्यावर गेला हा मुद्दाही तेवढाच जड आहे, आणि तो फीने सुटत नाही. कोविडकाळात कोणाला मेडिकेडमधून काढायचं नाही हे संरक्षण होतं; ते २०२३ मध्ये उठल्यावर अडीच कोटींच्या आसपास लोक मेडिकेडमधून बाहेर पडले. त्यातल्या दोनतृतीयांशांहून अधिक जणांना कागद वेळेत न पोचणं, फॉर्म अपुरा असणं अशा कारणांवरून काढलं गेलं. २०२५ च्या जुलैतल्या कायद्याने तर अनेक प्रौढांची पात्रता आता वर्षातून दोनदा तपासली जाणार आहे. अर्ध्या रूट कॅनलवर कार्ड बंद पडलेला पेशंट तुम्ही पाहिला नसेल, कारण तुम्ही मेडिकेड घेत नाही. आमच्याकडे येतो.

राहिला भारत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा भर हॉस्पिटलात भरती करून होणाऱ्या उपचारांवर आहे. जबड्याच्या शस्त्रक्रिया तिथे सापडतील, साधं फिलिंग नाही. त्यासाठी गरीब माणूस मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात नाहीतर मुंबईतल्या नायर दंत महाविद्यालयात रांग लावतो. तुम्ही शिकताना त्या रांगेतली तोंडं पाहिली असतील. तिथे मिळत नाही म्हणून इथे मागू नये, हा न्याय मला कळला नाही. तिथेही मिळायला हवं, एवढंच त्यातून निघतं.

शेवटी तुम्ही विचारलंत, ‘मग मी काय करायचं, दिवाळं काढायचं?’ नाही. पण सगळं दार बंद किंवा सगळं उघडं, असे दोनच पर्याय नाहीत. कित्येक क्लिनिकं मेडिकेडची फक्त मुलं घेतात, किंवा ठरावीकच पेशंट घेतात. मुलांच्या फ्लोराइड आणि सीलंटला (दाढा किडू नयेत म्हणून वर लावायचा थर) फारसा वेळही लागत नाही. आणि फीवाढीसाठी तुमची संघटना राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला जाईल, तेव्हा सोबत नूतनीकरणाच्या फॉर्मबद्दलही बोला. पूर्वी कधी मेडिकेड घेतलं असेल, तर तेव्हा तुमचे जे क्लेम नामंजूर झाले असतील, त्यांची कारणं नावं वगळून इथे प्रतिक्रियेत लिहिलीत तर पुढचा लेख मी त्यावरच करेन.