बुधादित्य योग: रामबागेतल्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

'दशमातली युती आणि नोकरी' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बुधादित्य, म्हणजे पत्रिकेत रवी आणि बुध एकाच राशीत असणं (त्यांची युती), हा अधिकार देणारा राजयोग आहे, खुद्द प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराने रवी-बुध युतीला कीर्ती सांगितली आहे, तुमच्या भाच्याच्या दशमात, म्हणजे पत्रिकेतल्या नोकरी-अधिकाराच्या दहाव्या स्थानात, हाच योग आहे आणि आज तो मोठ्या पदावर आहे. मग स्वतः पत्रिका पाहणाऱ्या बाईने 'या योगावर विसंबू नका' असं लिहून नास्तिकांच्या हातात काठी का द्यावी?

वराहमिहिरापासूनच सुरू करते, तो आपल्या अवंतीचाच, म्हणजे उज्जैनकडचा. त्याच्या बृहज्जातक या ग्रंथात रवी-बुध युतीच्या फळात आधी येतो 'निपुण' हा शब्द. बुद्धी, कीर्ती, सौख्य हे सगळं त्याच्यामागून. अधिकारपदाचा उल्लेखही नाही. आणि त्याच श्लोकात रवी-गुरू युतीचा माणूस क्रूर आणि दुसऱ्याच्या कामात गुंतलेला सांगितला आहे. हे कधी कुणाच्या पत्रिकेत लिहिलेलं पाहिलंत? रवी-गुरू एकत्र दिसले की आपण 'तेजस्वी, अधिकारी पुरुष' लिहून मोकळे होतो. ग्रंथाचा आधार घ्यायचा तर अख्खा श्लोक घेऊ या.

आता गणित बघा. बुध सूर्यापासून २८ अंशांच्या पलीकडे जातच नाही आणि रास असते ३० अंशांची. त्यामुळे जवळपास निम्म्या पत्रिकांत हे दोघे एकाच राशीत सापडतात. घरातल्या सगळ्यांच्या पत्रिका काढून बसा, बुधादित्य किती निघतात ते मोजा.

उरलं दशम, म्हणजे साधारण माथ्यावरचं आकाश. उज्जैनच्या वेधशाळेत शंकुयंत्र आहे. लहानपणी बाबांबरोबर तिथे उन्हात उभी राहून मी शंकूची सावली आखडत जाताना पाहिली आहे. बाबांच्या घड्याळात बारा वाजून गेले तरी ती आखडतच होती, कारण आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास. त्या वेळेच्या आसपास जन्मलेल्या बाळाचा रवी दशमात नाहीतर दशमाच्या उंबरठ्यावर असतो. दशमातला रवी म्हणजे एवढंच, जन्म भर दुपारचा किंवा दुपारच्या थोडा आधीचा. त्या दिवसांत बुध रवीच्या राशीत असला, की त्या दोनेक तासांत इंदूर-उज्जैनच्या प्रत्येक प्रसूतिगृहात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पत्रिकेत 'दशमातला बुधादित्य' येतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच, आणि असं कितीतरी दिवस चालतं. त्या सगळ्यांना पद कुठून मिळणार, काका?

तुमच्या भाच्याचं मनापासून कौतुक आहे. पण त्याच दुपारी जन्मून आज साध्या दुकानात हिशेब लिहिणारा कुणी असेल, तो आपल्याकडे 'माझा योग फळला नाही' हे सांगायला येत नाही. आपल्या कानावर येतात ती फळलेलीच उदाहरणं.

लेख का लिहिला तेही सांगते. गेल्या पावसाळ्यात एक आई मुलाची पत्रिका घेऊन आली. हाताने लिहिलेली, घडीवर फाटत आलेली, कोपऱ्यांना हळदीकुंकू. 'बुधादित्य राजयोग' या शब्दांखाली लाल शाईच्या तीन रेघा आणि पुढे 'राजसेवेत उच्च पद'. ग्रह राशीत किती अंशांवर आहेत ते मात्र कुठेच नव्हतं. मुलगा एकतिशीचा. इंदूरच्या क्लासेसच्या भागात, भंवरकुआंला, खोली घेऊन सात वर्षं पीएससीची (राज्य लोकसेवा परीक्षेची) तयारी करत होता. मधे बँकेत लागत होतं, ते सोडलं, 'दशमात राजयोग असताना क्लार्की कशाला' म्हणून. आईने मला एकच विचारलं, "महादशा बदलली की होईल ना हो?"

मी अंश काढले. रवी-बुधात सहा अंशांचं अंतर. सूर्यसिद्धान्ताच्या हिशेबाने बुध सूर्याच्या चौदा अंशांच्या आत आला की अस्तंगत, म्हणजे सूर्याच्या तेजात झाकलेला. म्हणजे ज्या शास्त्राने राजयोग दिला तेच शास्त्र त्या बुधाला निस्तेज म्हणतं. हे मी त्या माउलीला सांगितलं नाही. एक खोटी आशा काढून तिथे नवी भीती बसवायची नव्हती. एवढंच म्हटलं, की मुलाला पुढच्या वेळी सोबत आणा आणि बँकेचे फॉर्म पुन्हा कधी निघतात ते बघून या. माय दारात बराच वेळ चपला घालत होती.

त्या रात्री लेख लिहिला. एका घराची सात वर्षं त्या तीन लाल रेघांवर गेली, याचा मला राग आहे आणि तो लेखात उतरला असेल.

काठीबद्दल म्हणाल तर ती मी दिलेली नाही. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा मुलांच्या एकूण २०० पत्रिका जमवल्या आणि त्यांतल्या प्रत्येकी ४० पत्रिका २७ ज्योतिषांना दिल्या. कोणती पत्रिका कुणाची, एवढंच ओळखायचं होतं. बरोबर उत्तरं निघाली ४६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नाणं उडवून येतील त्याहूनही कमी. आपल्या मंडळींनी यावर बरीच आदळआपट केली. मला वाटलं, आपण थोडं गप्प बसून आपल्या वह्या तपासायला हव्या होत्या.

मग मी पत्रिका का बघते? आजोबांकडून ग्रहगणित शिकले, ते मला प्रिय आहे. आणि लोक पत्रिकेच्या निमित्ताने जे बोलतात ते घरातही बोलत नाहीत. ते ऐकून घेणं मला जमतं. पद आणि प्रतिष्ठा मी युतीवरून सांगत नाही, आणि नोकरी शोधणाऱ्या मुलाकडून दक्षिणा घेत नाही, हे तुमच्या ओळखीतलेच दोघेतिघे सांगतील.

नातवाची पत्रिका दाखवायची आहे असं तुम्ही शेवटी लिहिलं आहे. जरूर या. रविवारी सकाळी मी घरीच असते. येताना सूनबाईंना जन्मवेळ नीट विचारून या, कारण लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारा राशीचा बिंदू, साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतं आणि दवाखान्यात बऱ्याचदा वेळ गोळाबेरीज करून लिहितात. आणि नातवाला सोबत आणा. त्याला काय करायला आवडतं हे मला त्याच्याच तोंडून ऐकायचं आहे, पत्रिका आपण त्यानंतर उघडू.