सेक्टर ७ ची माणसं मेली, हे सांगायला हवं होतं

‘फायनल फँटसी सेव्हन रीमेक’ हा व्हिडिओ गेम अखेर पूर्ण केला. पोस्ट लांबलचक आहे आणि स्पॉइलर भरपूर आहेत. ज्यांना खेळायचा आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. मूळ गेम १९९७ चा, जपानच्या स्क्वेअर कंपनीचा, पहिल्या प्लेस्टेशनवरचा, तीन सीडींचा. आमच्याकडे तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आला होता, पातळ प्लास्टिकच्या पाकिटांत. रीमेक आला १० एप्रिल २०२० ला, सगळं जग घरात कोंडलेलं होतं तेव्हा. मी आता पीएस फाइव्हवरची ‘इंटरग्रेड’ आवृत्ती खेळलो. यात पूर्ण कथा नाही. मिडगार नावाच्या शहरातून बाहेर पडेपर्यंतचाच भाग आहे. मूळ गेममध्ये तो पाच-सहा तासांत उरकतो, इथे पस्तीस-चाळीस तास लागतात. पुढचा भाग ‘रीबर्थ’ २०२४ मध्ये आला, तिसऱ्याचं काम चालू आहे.

‘इतकं ताणायची काय गरज होती?’ हा प्रश्न या गेमबद्दल सगळ्यात जास्त विचारला जातो. माझं उत्तर आहे, गरज होती. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती बरीच मोठी आहे.

मिडगारमध्ये जमिनीपासून उंचावर लोखंडी प्लेट आहे. आठ सेक्टर. प्लेटवर शिनरा कंपनीचे नोकरदार राहतात, खाली झोपड्या. शिनरा जमिनीतून माको उपसते आणि त्यावर शहराची वीज चालते. माको म्हणजे त्या ग्रहाचा प्राणच. खालच्यांना आकाश नाही, ऊन नाही. प्लेटच्या पोटाला अवाढव्य दिवे लटकवलेत, तोच त्यांचा सूर्य. मूळ गेममध्ये हे सगळं मागच्या चित्रात होतं. रीमेकमध्ये एक अख्खं प्रकरण आपण त्या दिव्यांच्या मधून, लोखंडी जाळ्यांवरून चालत जातो आणि खालच्या वस्त्या वरून बघतो. आमची खोली करी रोडला, चाळीच्या तळमजल्यावर. शेजारच्या मिलच्या जागेवर टॉवर उभा राहिला आणि आमच्याकडे भर दुपारी ट्यूब लावायला लागली. तेव्हा प्लेटखाली राहणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

तिसऱ्या प्रकरणात बार चालवणारी टिफा कथेच्या नायकाला, क्लाउडला घेऊन सेक्टर ७ च्या वस्तीत घरोघर फिरते. पाण्याचे फिल्टर बदलायचे आणि पैसे गोळा करायचे. माझा भाचा शेजारी बसून बघत होता, तो वैतागला. ‘‘मामा, स्टोरी कधी सुरू होणार?’’ म्हटलं, बस जरा. त्याला राक्षस मारायचे होते आणि त्याचंही चूक नाही. पण मला तो फेरा मनापासून आवडला. कोण पैसे वेळेवर देतं, कोण कुरकुरतं, घरमालकीण मार्ल टिफावर पोटच्या पोरीसारखी कशी नजर ठेवते. वस्ती अशीच कळते. १९९७ च्या गेममध्ये सेक्टर ७ म्हणजे एक बार, दोन-चार दुकानं आणि पाच-दहा वाक्यं बोलणारी माणसं होती. इथे तिथले आवाज कानात बसतात.

आणि मग चौथं प्रकरण. हे मूळ गेममध्ये नव्हतंच. जेसी ही शिनराविरुद्ध लढणाऱ्या अव्हलान्च या बंडखोर गटातली मुलगी, बॉम्ब तयार करणारी, बडबडी. जुन्या गेममध्ये ती चार वाक्यं बोलून मरते. इथे ती क्लाउडला प्लेटवरच्या आपल्या घरी नेते, कारण तिला वडिलांचं शिनराचं ओळखपत्र हवंय. पुढच्या खोलीत आई सगळ्यांना पिझ्झा वाढते आहे आणि क्लाउड मागच्या दाराने आत शिरतो. आत वडील पलंगावर पडलेत, सलाइन लावलेलं, शुद्ध नाही. आयुष्यभर कंपनीत राबले, माको अंगात भिनला आणि हे झालं. त्या खोलीत लढाई नाही, कोणी काही बोलत नाही, फक्त ओळखपत्र शोधायचं आणि निघायचं.

माझे आजोबा मिलमध्ये कार्डिंग खात्यात होते. कापसाची तुसं वर्षानुवर्षं छातीत गेली. शेवटच्या काळात ते खाटेवर उशीला टेकून बसूनच झोपायचे, कारण आडवं झालं की खोकल्याची उबळ यायची. घरात पाहुणे आले की आजी मधला पडदा ओढून घ्यायची आणि बाहेर चहा-पोहे चालू असायचे. त्या गेममधली ती दोन खोल्यांची रचना, बाहेर खाणंपिणं आणि आत तो माणूस, मी कंट्रोलर खाली ठेवून बघत राहिलो. जपानमध्ये बसून ज्यांनी हे रचलं त्यांचे मला खरोखर आभार मानायचे आहेत. पस्तीस तास ताणून काय मिळवलं, तर हे मिळवलं.

म्हणूनच पुढे जे केलं त्याचा राग येतो.

शिनरा सेक्टर ७ ची प्लेट पाडते. मूठभर अव्हलान्चवाल्यांना संपवण्यासाठी अख्खी वस्ती चिरडते आणि आळ त्यांच्यावरच ढकलते. मूळ गेममध्ये गटातले बिग्ज, वेज आणि जेसी तिघेही मरतात. खालची वस्ती संपते. गटाचा म्होरक्या बॅरेट ढिगाऱ्यावर गोळ्या झाडत त्यांची नावं घेऊन ओरडतो. टिफा विचारते की आपण इथे होतो म्हणून ही माणसं मेली का. ठोकळ्यांसारख्या हातांची ती पात्रं, आवाज नाही, चेहऱ्यावर भाव नाहीत, तरी शाळकरी वयात माझ्या पोटात गोळा आला होता.

रीमेकमध्ये प्लेट पडते ती दृश्यं थरकाप उडवणारी आहेत, त्यात वाद नाही. पण वेज आधीच लोकांना बाहेर काढतो, ओळखीचे कित्येक चेहरे पुढे सुखरूप भेटतात, वेज स्वतः जिवंत सापडतो आणि गेमच्या शेवटी बिग्ज अंथरुणावर डोळे उघडतो. भाचा म्हणाला, ‘‘बरं झालं ना मामा, वाचला तो.’’ त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण ज्या माणसांशी इतके तास ओळख करून दिली, ज्यांच्या घरी जेवायला नेलं, त्यांचं मरण शेवटी परत का घेतलं? ओळख करून देण्याचा उपयोगच हा होता की प्लेट पडल्यावर ते घाव बसावेत. आणि प्लेट म्हणजे नुसतं खालच्यांचं छप्पर नाही, वरच्यांची जमीन आहे. जेसीच्या आईवडिलांचं घर त्याच सेक्टर ७ च्या प्लेटवर आहे. प्लेट तुटली तेव्हा मला पहिल्यांदा तो पलंग आठवला. तो माणूस धावू शकणार नव्हता. गेमने तिथे थांबायला हवं होतं. तो मात्र पुढच्या मोहिमेला लागतो.

तीच गोष्ट माको उपसणाऱ्या पहिल्या रिॲक्टरची. १९९७ मध्ये अव्हलान्च बॉम्ब लावते आणि रिॲक्टर उडतो. त्यात सामान्य माणसं मरतात आणि ती जबाबदारी यांची असते. पुढे केट सिथ या रोबो-मांजराच्या तोंडून शिनराचाच माणूस रीव्ह बॅरेटला थेट विचारतो की किती जण मेले, माहीत आहे का? बॅरेटकडे त्याचं धड उत्तर नसतं. बॅरेट मला आवडतो तो याच अडचणीमुळे. रीमेकमध्ये यांचा बॉम्ब किरकोळ निघतो आणि शिनरा स्वतःचीच यंत्रं लावून रिॲक्टर उडवते. बिचारी जेसी ‘माझंच काही चुकलं’ म्हणून झुरत राहते आणि आपल्याला माहीत असतं की तिचा दोष नाही. म्हणजे नायकांचे हातही स्वच्छ आणि वस्तीही बरीचशी शाबूत. अन्याय करणारी एकच कंपनी, बाकी सगळे भले. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं!

व्हिस्पर्स नावाची ती करडी भुतं, जी कथा ‘ठरल्याप्रमाणे’ घडावी म्हणून मध्ये येतात, त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. जुन्या चाहत्यांना धाकात ठेवायला ती आहेत आणि शेवटच्या प्रकरणात अतीच होतं. मुख्य खलनायक सेफिरॉथलाही दुसऱ्याच प्रकरणात आणून उभा केलाय. मूळ गेममध्ये मिडगारभर तो दिसत नाही. शिनराच्या अध्यक्षाच्या पाठीत रुतलेली त्याची तलवार तेवढी दिसते, आणि ती पुरते.

लढाई मात्र अप्रतिम. बटणं दाबत मारामारी करायची, त्यातून एटीबीचा, म्हणजे पुढची चाल कधी करता येईल ते दाखवणारा, पट्टा भरत जातो आणि तो भरला की वेळ मंदावून शांतपणे जादू किंवा वार निवडायचा. जुन्या पाळी-पाळीच्या लढाईचं डोकं आणि नव्या गेमचे हातपाय, दोन्ही शाबूत. ज्यांना धावपळ जमत नाही त्यांच्यासाठी क्लासिक मोड आहे, बिनधास्त लावा. नोबुओ उएमात्सूचं संगीत नव्या वाद्यमेळात ऐकायला हेडफोन घ्याच. मधले काही बोगदे आणि यांत्रिक हात हलवायची कोडी कंटाळवाणी आहेत, तिथे नेटाने पुढे सरका.

मूळ गेम आता फोनवरही मिळतो. तरुण मंडळींनी आधी तो मिडगार संपेपर्यंत तरी खेळावा, मग रीमेक लावावा. आणि बिग्जला वाचवणं योग्यच होतं असं कोणाला मनापासून वाटत असेल तर खाली सविस्तर लिहा. ‘बघून बरं वाटलं’ एवढंच नको. कथेला त्याने काय मिळालं ते सांगा, मला त्यावर खरंच बोलायचं आहे.