पलूसच्या दादांना उत्तर : आईचा गुडघा, भाच्याचं इन्सुलिन आणि हळदीचं पेटंट

दादा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री दुकान बंद करून घरी आल्यावर वाचली, उत्तराला चार दिवस लागले कारण दोन गोष्टी परत तपासायच्या होत्या. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी स्टेम सेलच्या (ज्यांच्यापासून अंगातल्या दुसऱ्या पेशी घडू शकतात अशा मूळ पेशींच्या) इंजेक्शनांच्या जाहिरातींबद्दल लिहिलं होतं. दादांचं म्हणणं असं की त्यांच्या आईच्या पोटातली चरबी काढून, त्यातल्या पेशी त्याच दिवशी गुडघ्यात सोडल्या, त्याला दीड वर्ष झालं, आई आता औदुंबरला घाटाच्या पायऱ्या उतरून जाते, आणि माझा लेख वाचून तिच्या मनात उगाच भीती बसली. शिवाय मी जीन बदलून केलेल्या इन्सुलिनचं कौतुक करतो आणि स्वतःच्या अंगातल्या नैसर्गिक पेशींना नावं ठेवतो, हा दुटप्पीपणा आहे, त्या क्लिनिककडं तर पेटंटही आहे, आणि "हळदीचं पेटंट घेणाऱ्यांच्याच बाजूनं तुम्ही बोलताय" असं शेवटी लिहिलंय.

आधी माझी चूक. गुडघ्यासाठी भारतात स्टेम सेलचं काहीच मान्य नाही, असं सरसकट वाक्य मी लिहिलं होतं, ते बरोबर नाही. बंगळूरच्या एका कंपनीनं दान मिळालेल्या अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून तयार केलेलं एक इंजेक्शन आहे, त्याला २०२२ मध्ये आपल्या औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली, तीही मधल्या टप्प्यातल्या झिजेसाठी. हे मला माहीत असायला हवं होतं, मी औषधाच्या दुकानात बसतो. लेखातलं ते वाक्य बदललंय आणि खाली तशी नोंद केलीय.

पण दादा, आईला दिलं ते हे नव्हे. तुम्हीच लिहिलंय की चरबी काढली, मशीनमध्ये फिरवली आणि दुपारी परत सोडली. त्यात किती पेशी होत्या, त्यातल्या जिवंत किती, खरोखर स्टेम सेल म्हणाव्या अशा किती, हे त्या दिवशी कुणी मोजलं का? तुमच्या फाईलमध्ये असा एखादा आकडा आहे का ते बघा. आईला आराम पडला हे मी खोटं म्हणत नाही, खूप बरं वाटलं वाचून. पण गुडघ्याच्या दुखण्यात नुसतं सलाईनचं पाणी टोचलं तरी बऱ्याच पेशंटना काही महिने बरं वाटतं, हे अभ्यासांमध्ये परत परत दिसलंय, म्हणूनच अशा औषधाची परीक्षा घेताना निम्म्या लोकांना औषध आणि निम्म्यांना पाणी देऊन दोन्हीकडं मोजावं लागतं. आणि चरबीतल्या किंवा मज्जेतल्या ज्या पेशींना सगळे स्टेम सेल म्हणतात ते नाव रूढ केलं अर्नोल्ड कॅप्लन या शास्त्रज्ञानं, १९९१ मध्ये. त्याच माणसानं २०१७ मध्ये लिहिलं की हे नाव आता बदलूया, कारण या पेशी अंगात गेल्यावर नवी कूर्चा (सांध्यातली गादी) होऊन बसत नाहीत, त्या काही रसायनं सोडतात आणि आजूबाजूच्या पेशींना कामाला लावतात. ज्यानं नाव दिलं त्यानंच म्हटलं की लोकांची दिशाभूल होतेय, यापेक्षा मी वेगळं काय सांगू.

आता हे मला इतकं का लागतं ते सांगतो. माझा भाचा अकरा वर्षांचा असताना त्याला टाइप वन डायबेटीस निघाला, म्हणजे अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, बाहेरून घ्यावं लागतं. रोज चार सुया. बहिणीनं कुणाकडून तरी ऐकलं आणि दुसऱ्या शहरातल्या एका क्लिनिकमध्ये त्याला घेऊन गेली, मला सांगितलंच नाही कारण मी नको म्हणणार हे तिला माहीत होतं. उसाचं बिल आलेलं, त्यातून आणि तिच्या पाटल्या मोडून सव्वातीन लाख भरले. पेशी सोडल्या, तीन महिन्यांत इन्सुलिन बंद होईल असं सांगितलं, आणि घरच्यांनी आशेनं आधी डोस कमी केला मग बंदच केला. चौथ्या दिवशी पोराला उलट्या, धाप, तोंडाला सडक्या फळासारखा वास. मिरजेत आयसीयूत पाच दिवस काढले. बहीण बाकावर बसून एकच म्हणत होती, "मीच बंद केलं रे, मीच." तिची काय चूक होती दादा? तिला कुणी तरी आशा विकली होती. तुम्ही लिहिलंत की मी आशा मारतो, ते वाक्य वाचताना मला तो बाक आठवला.

तो भाचा आज सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिकतोय आणि ज्याच्यावर जगतोय ते हेच जीन बदलून केलेलं इन्सुलिन. यात नैसर्गिक आणि कृत्रिम हा प्रश्नच नाही हो. टोरांटोत १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या पोराला पहिलं इन्सुलिन टोचलं तेव्हापासून पुढं साठ वर्षं ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत होते, दोन टनांपेक्षा जास्त माल लागायचा तेव्हा पाव किलोच्या आसपास शुद्ध इन्सुलिन हाती यायचं. १९७८ मध्ये माणसाचं जीन बॅक्टेरियात घालून त्यांच्याकडून ते करून घेतलं, १९८२ मध्ये बाजारात आलं. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, इन्सुलिनच्या दोन माळा मिळून ५१ मणी. ग्लार्जिन नावाचं जे इन्सुलिन भाचा रात्री घेतो त्यात एका माळेतला शेवटचा मणी बदललाय आणि दुसऱ्या माळेच्या टोकाला दोन मणी जास्तीचे ओवलेत, बस्स एवढंच. पण त्यामुळं ते बाटलीतल्या आंबट पाण्यात विरघळून राहतं आणि कातडीखाली गेलं, जिथं आंबटपणा नाही, की बारीक कणांनी साका बसतो आणि दिवसभर थोडंथोडं सुटत राहतं. जेवणाआधी घेतो त्या लिस्प्रोमध्ये तर शेजारचे दोन मणी फक्त एकमेकांच्या जागी ठेवलेत, म्हणून त्याच्या गुठळ्या टिकत नाहीत आणि ते पटकन रक्तात जातं. मी एवढी वर्षं ह्या बाटल्या फ्रीजमधून काढून देतोय, तरी हे आठवलं की अजून थक्क व्हायला होतं. कुठला मणी, कुठं, कशासाठी, सगळं माहीत. सांगलीत घेतलेली बाटली आणि दिल्लीत घेतलेली बाटली आत सारखीच.

पेशीचं तसं नाही, पेशी जिवंत आहे. तुमच्याकडं ऊस आहे म्हणून उसाचंच सांगतो. कांडीवरचा एक डोळा लावला तरी अख्खं बेट उभं राहतं, झाडाच्या पेशीत ती ताकद उरलेली असते. माणसाच्या कातडीच्या पेशीत ती उरत नाही, निदान २००६ पर्यंत तसंच वाटत होतं. जपानचे शास्त्रज्ञ यामानाका यांनी उंदराच्या पेशीत चार जीन घालून तिला परत कोवळी केलं, म्हणजे तिच्यापासून पुन्हा कुठलीही पेशी घडू शकेल अशी, पुढच्या वर्षी माणसाच्या, आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण त्या चारातलं एक जीन कॅन्सरशी जोडलेलं आहे, आणि अशी कोवळी पेशी नीट तयार न करता अंगात गेली तर तिची गाठ होऊ शकते. आपण उसाच्या ८६०३२ जातीचं बेणं घेताना प्लॉट कुणाचा, किती महिन्यांचं, रोग होता का, हे विचारल्याशिवाय ट्रॉली भरत नाही. मग आईच्या गुडघ्यात जाणाऱ्या पेशींबद्दल हे का विचारायचं नाही? आणि 'स्वतःच्याच पेशी आहेत, अपाय काय होणार' हे तर अजिबात मानू नका. अमेरिकेत फ्लोरिडात २०१५ मध्ये तीन बायकांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या पेशी टोचल्या, पैसे घेऊन, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी, आणि तिघींची नजर गेली.

हळदीच्या पेटंटवरून तुम्ही सुचवलेला परदेशी विरुद्ध देशी हा मुद्दाही मला पटत नाही. पवईच्या आयआयटीनं आणि टाटा हॉस्पिटलनं मिळून रक्ताच्या कॅन्सरवर जी कार-टी उपचारपद्धत काढली, २०२३ मध्ये परवानगी मिळाली, त्यात पेशंटच्याच टी पेशी घेतात (ह्या रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी, स्टेम सेल नव्हेत) आणि त्यात जीन घालून माणसानं घडवलेलं एक प्रोटीन त्यांच्या अंगावर उगवतात, ते कॅन्सरच्या पेशीला ओळखतं. स्वतःच्या पेशी, घडवलेलं प्रोटीन, आपल्याच महाराष्ट्रात. पण आधी ट्रायल झाली, कुणाला उतार पडला नाही हेही मोजलं, मग विकायला काढलं. माझं भांडण एवढ्याचसाठी आहे.

हळदीचं. दादा, सांगलीत बसून हळदीच्या पेटंटची बाजू कोण घेईल? १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं, डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं त्याविरुद्ध लढा दिला, जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा छापील लेख पुढं केला आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं, कारण त्यात नवं काही नव्हतंच, आपली आजी तेच करत होती. ग्लार्जिनमधले ते मणी मात्र निसर्गात कुठंच तसे नाहीत, ते माणसाला सुचलं. हा फरक आहे. आणि मुख्य म्हणजे पेटंट ऑफिस बघतं की गोष्ट नवी आहे का. पेशंटला गुण येतो का हे तिथं कुणी तपासत नाही, ते काम औषध नियंत्रकाचं. म्हणजे चरबी फिरवायच्या मशीनवर पेटंट असलं तरी त्यानं गुडघा बरा होतो असं काही सिद्ध होत नाही. माहितीपत्रकात 'पेटंटेड' हा शब्द मोठ्या अक्षरात छापतात तो याच गैरसमजावर.

आशा तर मलाही आहे. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेले शास्त्रज्ञ डग मेल्टन यांच्या दोन्ही मुलांना टाइप वन, म्हणून या माणसानं आपलं आधीचं काम सोडून स्टेम सेलपासून इन्सुलिन करणाऱ्या पेशी घडवायला घेतल्या. २०१४ मध्ये प्रयोगशाळेत जमलं. त्याच वाटेनं पुढं झालेल्या ट्रायलचे आकडे २०२५ मध्ये छापून आले, पूर्ण डोस मिळालेल्या बारा जणांपैकी दहा जणांचं वर्षभरानंतर इन्सुलिन सुटलं होतं. बारा जणच आहेत, आणि अंगानं पेशी नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, त्याचा त्रास वेगळा. तरी मी ती बातमी भाच्याला फोन करून वाचून दाखवली. तो म्हणाला, "मामा, पण ह्या वेळी आधी तू बघ."

आईला सांगा, घाबरायचं काही कारण नाही, दीड वर्षात काही झालं नाही तर चांगलंच आहे, मांडीचे व्यायाम सोडू नको म्हणावं. दुसऱ्या गुडघ्याचं पॅकेज देतायत असं तुम्ही लिहिलंय, ते मात्र लगेच भरू नका. ट्रायल चालू आहे असं ते म्हणत असतील तर सीटीआरआय नंबर मागा, ती सरकारी नोंदणी आहे, वेबसाईटवर फुकट बघता येते, आणि खऱ्या ट्रायलमध्ये पेशंटकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. मान्यता असलेलं औषध आहे असं म्हणाले तर बाटलीवरचं नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या. सांगलीला आलात तर फाईल घेऊन दुकानात या, दुपारी दोन ते चार गर्दी नसते, आपण दोघं मिळून पान न् पान वाचू.