घरात कुणी तत्त्वज्ञान घेतलंय? मग एवढं कराच

परवा चुलतभावाच्या साखरपुड्यात पुन्हा सापडले. ताटात जिलबी पडते न पडते तोच एक काका समोर. "सध्या काय?" "टीवायबीए." "विषय?" "तत्त्वज्ञान." काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यावरून आईकडे पाहिलं आणि तिलाच विचारलं, "बारावीला कमी पडले का हो?"

अशा वेळी नेमकं काय बोलावं हे बऱ्याच जणांना सुचत नाही, म्हणून या काही सूचना.

विषय कळला की लगेच "म्हणजे सायकॉलॉजी ना?" असं विचारा. ती नाही म्हणाली तरी "मग सांग बघू, माझ्या मनात काय चाललंय?" हे म्हणाच. असं तिला याआधी कुणीच म्हटलेलं नसतं.

"पुढे काय?" हे विचारा आणि उत्तर यायच्या आत मठ्ठा घ्यायला जा.

यूपीएससीचा नुसता उल्लेख झाला तरी चेहरा उजळू द्या. ऑप्शनलला तत्त्वज्ञानाचा सिलॅबस छोटा असतो, हे तुम्हाला कुणाच्या तरी भाच्याने सांगितलेलं असतंच. कलेक्टर व्हायला कांट हा जर्मन तत्त्वज्ञ वाचला तर पोरगी हुशार. कांट कळावा म्हणून वाचला तर तिला कुणाला तरी दाखवून आणा.

घरात कुणी गेलं की "तू फिलॉसॉफीवाली, तुला काय रडू येणार" म्हणा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. "ते परदेशी लोकांचं काय शिकता, आपल्या ऋषिमुनींनी सगळं आधीच सांगून ठेवलंय" हे खणखणीत आवाजात सांगा. काय सांगून ठेवलंय, हे कुणी विचारणार नाही. मी एकदा विचारलं, तर "कर्म करत राहायचं" एवढंच आलं. अहो, आपल्याकडे समोरच्याला खोडण्याआधी त्याचं म्हणणं नीट मांडावं लागायचं. पूर्वपक्ष म्हणतात त्याला. वेदांना धूर्तांची बडबड म्हणणारा चार्वाकही इथलाच. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी वेगवेगळी दर्शनं, म्हणजे विचारपरंपरा, मांडणारा सर्वदर्शनसंग्रह लिहिला, त्यात पहिलं दर्शन चार्वाकाचं, तेही पटत नसताना. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले तर्कपंडित, आणि बौद्ध शतकानुशतकं भांडले. आत्मा आहे का, ज्ञान खरं कशावरून, यावर. आणि तुम्ही घरच्या ग्रुपवर बुद्धाच्या नावाने कुणाचंही वाक्य फिरवता. बुद्ध असं कुठे म्हणाला, एवढं विचारलं तर मी आगाऊ!

बरं, एवढं थोर आहे, तर पोरांनी ते शिकलेलं का चालत नाही? अमळनेर म्हटलं की तुम्हाला साने गुरुजी आठवतात. त्याच अमळनेरात 1916 साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी संस्था काढली. गिरणीमालक होते ते. धंदा कळत होता, तरी पैसा यात घातला. तुम्ही अर्ध्या लाखाचा मोबाइल हप्त्यावर घेता आणि माझ्या फीचा हिशेब मांडता, तीही तुम्ही भरत नसताना.

आमचे सर रिटायर झाले, जागा भरली नाही. तासिका तत्त्वावरच्या मॅडम दोन कॉलेजांत धावतात, मानधन येईल तेव्हा येतं. विद्यार्थी नाहीत म्हणून शिक्षक नाहीत, शिक्षक नाहीत म्हणून विद्यार्थी येत नाहीत. यातला हेत्वाभास, म्हणजे युक्तिवादातली खोट, नववीतल्या पोरालाही दिसेल. तेव्हा "आपली थोर परंपरा"वाले कुठे असतात?

आता स्पष्टच बोलते. तुम्हाला माझी काळजी वगैरे काही नाही. काळजी असती तर उत्तर ऐकायला थांबला असतात. माझ्या वर्गातली मुलं कायद्याला गेलीत, पत्रकारितेत आहेत, एक एमए करतेय. हे मी सांगत होते, तुम्ही आईला स्थळाबद्दल विचारत होतात. इंजिनिअर होऊन दोन वर्षं घरी बसलेल्या तुमच्या मुलाला मी कधी चारचौघांत "पुढे काय?" विचारलं नाही. विचारू का?

आणि बारशाला नाव सुचवायला मला फोन करू नका. मी तत्त्वज्ञान शिकते, पंचांग नाही.