साबणाचं पाणी, गम आणि आपल्या पिकअप

आमच्या कंपनीच्या ग्रुपवर परत टेस्लाच्या त्या सायबरट्रकचे, म्हणजे त्यांच्या इलेक्ट्रिक पिकअपचे, व्हिडिओ फिरायला लागलेत. पत्रा निघालाय, वायपर बंद पडलाय, कुणाचा ॲक्सिलरेटर अडकलाय, आणि खाली सगळे खो खो हसतायत, "यापेक्षा आपला छोटा हत्ती बरा" वगैरे. हसा, मीपण हसलो. पण मी नाशिकच्या अंबडला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे, रिजेक्शन आणि कस्टमर कम्प्लेंट हेच माझं रोजचं जेवण, त्यामुळे मी त्या रिकॉलचे, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावल्याचे, कागद शोधून वाचत बसलो आणि वाचल्यावर खरं सांगतो मला त्या अमेरिकन मालकांचा हेवा वाटला. गाडीचा नाही हो. गाडी मला फुकट दिली तरी गंगापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये घालणार नाही. हेवा वाटला त्या कागदाचा.

आधी साबणाची गोष्ट सांगतो कारण ती आमच्या लाईनीतल्या माणसाला वाचताना घाम फोडते. २०२४ च्या एप्रिलमध्ये टेस्लाने ३,८७८ सायबरट्रक रिकॉल केले. कारण काय तर ॲक्सिलरेटरच्या पेडलवर जो पॅड असतो तो सटकून पुढे सरकायचा आणि वरच्या ट्रिममध्ये अडकायचा, म्हणजे पाय काढला तरी पेडल दाबलेलंच. एका मालकाने व्हिडिओ टाकला होता, तो खूप फिरला. ब्रेक दाबला की मोटरची पॉवर तुटते म्हणून निभावलं, पण विचार करा, एवढी जड गाडी आणि एवढी ताकद. आणि हे झालं कशाने? असेंब्लीत पॅड पेडलवर चढायला जड जात होता म्हणून कुणीतरी साबण लावायला सुरुवात केली. कागदावर स्पष्ट लिहिलंय, मंजूर नसलेला बदल, लुब्रिकंट म्हणून साबण, तो आत राहिला आणि पॅडची पकड गेली.

आता आमच्याकडे ज्याने कुणी शॉपफ्लोअरवर काम केलंय त्याने छातीवर हात ठेवून सांगावं, रबराचा बुश बसत नसेल तर साबणाचं पाणी कुणी लावत नाही का? सगळीकडे लावतात. थर्ड शिफ्टला टार्गेट पूर्ण करायचं असतं, ऑपरेटर हुशार असतो, तो जुगाड करतो, पार्ट बसतो, सुपरवायझर खुश. आमच्या भाषेत याला ४एम चेंज म्हणतात, माणूस मशीन मटेरियल मेथड यातलं काहीही बदललं तर आधी कळवायचं, ट्रायल घ्यायची, मग सही. ऑडिटच्या आदल्या दिवशी सगळे बोर्ड पुसून लख्ख असतात आणि त्या बोर्डावर "४एम चेंज : निरंक" लिहिलेलं असतं, ते वाचून मला दरवेळी हसू येतं. तर सांगायचं काय, जगातल्या सगळ्यात गाजलेल्या कंपनीत पण हेच झालं. त्यावर उपाय काय केला तर पॅडमधून एक रिव्हेट मारलं. संपला विषय.

त्यानंतर त्या गाडीच्या रिकॉलची रांगच लागली. जून २०२४ ला वायपरच्या मोटरसाठी ११,६८८ गाड्या, त्याच वेळी मागच्या हौद्याजवळची एक पट्टी नीट चिकटलेली नाही म्हणून ११,३८३. ऑक्टोबरला रिव्हर्सचा कॅमेरा उशिरा लागतो म्हणून २७,१८५. नोव्हेंबरला मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरमधल्या एका पार्टमुळे चालता चालता गाडीची ओढच जाऊ शकते म्हणून २,४३१. आणि मार्च २०२५ मध्ये ४६,०९६, म्हणजे तोपर्यंत बनलेल्या जवळपास सगळ्याच, कारण काचेच्या बाजूने छताकडे जाणारी जी स्टीलची पट्टी आहे ती गमने चिकटवलेली आणि तो गम हवामानाने ठिसूळ होऊन पट्टी हायवेवर उडून जाऊ शकते. मागून मोटरसायकलवाला येत असेल तर? नवीन पट्टीला त्यांनी काय केलं माहितीये का, वेगळा गम वापरलाच पण शिवाय आतून स्टड वेल्ड करून नट आवळला. एवढं सगळं अंतराळयानासारखं डिझाईन आणि शेवटी नटबोल्टावर आले, हे वाचून आमच्या फिटरकाकांना जो आनंद झाला तो काय सांगू. पण धडा तिथेच संपला नाही, ऑक्टोबर २०२५ ला टपावरच्या लाईटबारसाठी अजून ६,१९७ गाड्या, चिकटवताना खाली प्रायमर चुकीचा मारलेला. परत गमच!

आता काही लोक म्हणतात की यातले निम्मे रिकॉल काय खरे रिकॉल नाहीतच, सॉफ्टवेअर अपडेटने रात्रीत सुटतात, मालकाला सर्व्हिस सेंटरला जावंही लागत नाही. पुढचे लाईट जास्त प्रखर म्हणून ६३,६१९ गाड्या रिकॉल झाल्या त्या अपडेटनेच, कॅमेऱ्याचं पण तसंच. मस्क साहेबांचाही या शब्दावर राग आहे. मला हे पटत नाही. अमेरिकेत नियम आहे की रिव्हर्स टाकल्यावर २ सेकंदात कॅमेऱ्याचं चित्र दिसलं पाहिजे, या गाडीत त्याहून जास्त लागत होतं, आणि तेवढ्या वेळात गाडीमागे पोर आलं तर त्याला काय फरक पडतो की दोष पान्याने दुरुस्त होणार का वायफायने? सोय झाली हे चांगलंच आहे, पण दोष होता हे लिहून ठेवलंच पाहिजे.

आणि इथेच तो हेवा. अमेरिकेत एनएचटीएसए म्हणून रस्ते वाहतूक सुरक्षेची सरकारी संस्था आहे. कुठलाही मालक तिथे तक्रार टाकू शकतो आणि ती तक्रार नाव-पत्ता झाकून सगळ्यांना वाचायला उघडी असते. दोष सुरक्षेचा आहे असं कंपनीने ठरवलं की ५ कामकाजाच्या दिवसांत कळवावं लागतं, गाड्या किती, कधीपासून कधीपर्यंत बनलेल्या, कारण काय, पहिल्यांदा कधी लक्षात आलं, सगळं तारीखवार. गाडी १५ वर्षांपर्यंत जुनी असली तरी दुरुस्ती फुकट. गंमत बघा, टेस्ला सायबरट्रक किती विकल्या हे वेगळं सांगतच नाही, तो आकडा पत्रकारांना या रिकॉलच्या कागदावरून कळला! म्हणजे जे कंपनी शेअरहोल्डरला सांगत नाही ते सुरक्षेच्या कागदावर सांगावं लागलं. ज्या गाडीला आपण हसतोय तिच्या सगळ्या भानगडी आपल्याला माहीत आहेत त्या यामुळेच माहीत आहेत. आपल्या गाड्यांच्या आपल्याला माहीत नाहीत, म्हणून त्या चांगल्या असं थोडीच आहे.

लगेच कुणीतरी लिहील की आपल्याकडे पण कायदा आहे. आहे ना. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत कलम ११०अ आलं, १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले, ठराविक संख्येत तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं आणि १० लाख ते १ कोटी दंड. त्याच्या आधी २०१२ पासून सियामचा, म्हणजे वाहन कंपन्यांच्या संघटनेचा, ऐच्छिक रिकॉलचा नियम होताच. पण दोन गोष्टी बघा. एक, गाडी ७ वर्षांच्या आतली पाहिजे. अरे दिंडोरी-निफाडकडे ७ वर्षांची पिकअप म्हणजे तरणीताठी गाडी, ती १५ वर्ष पळते, पासिंग होतंय तोवर पळते! आणि दुसरं, तक्रारींची संख्या भरली पाहिजे, पण तक्रार करतं कोण? पिंपळगावच्या मार्केटला टोमॅटोचे कॅरेट घेऊन रांगेत उभ्या असलेल्या ड्रायव्हरला जाऊन विचारा की दादा, गाडीच्या दोषाची तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते माहितीये का. तो तुमच्याकडे अशा नजरेने बघेल की तुम्ही इलेक्शनला उभे आहात.

कंपन्या काहीच करत नाहीत असं पण नाही, उगाच खोटं कशाला बोलू. ऑगस्ट २०२१ मध्ये महिंद्राने स्वतःहून २९,८७८ पिकअप तपासायला घेतल्या होत्या, जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ मध्ये बनलेल्या, फ्लुइड पाईपची जोडणी नीट नसल्याचा संशय होता. त्याच्या आधीच्या महिन्यात तर आपल्या नाशिकच्या प्लांटचं प्रकरण, २१ जून ते २ जुलै २०२१ मध्ये बनलेल्या ६०० च्या आत डिझेल गाड्या, फॅक्टरीत एका ठराविक दिवशी आलेलं इंधन भेसळीचं असावं आणि त्याने इंजिनचे पार्ट लवकर झिजतील म्हणून. क्वालिटीवाल्याच्या नजरेने बघा, कुठल्या दिवशीचं डिझेल कुठल्या गाडीत गेलं हे शोधून काढणं म्हणजे जबरदस्त काम आहे, आमच्याकडे गेल्या आठवड्याचा लॉट कुठे गेला विचारलं तर तीन माणसं एकमेकांकडे बघतात. पण मला सांगा, २९,८७८ हा आकडा तुमच्यापैकी किती जणांनी ऐकला होता? आणि सायबरट्रकचा साबण किती जणांनी? बरोबर.

आता घरचं. माझा चुलतभाऊ दिंडोरीला असतो, द्राक्ष आणि सीझनला टोमॅटो, स्वतःची पिकअप आहे, वाशी मार्केटला जाणं असतंच. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच कमेंटमध्ये फॅन क्लबची मारामारी नको. त्याच्या गाडीचं ब्रेक पेडल मधूनच कडक व्हायचं, नेमकं घाट उतरताना. कसारा घाट लोड गाडीने उतरलेल्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. सर्व्हिस सेंटरवाले काय म्हणाले? "ओव्हरलोड भरता तुम्ही." नंतर "चालवून बघितली, काही नाही." नंतर माझं सगळ्यात लाडकं वाक्य, "सगळ्याच गाड्यांना होतं ते." अरे बाबा, सगळ्याच गाड्यांना होतं म्हणूनच तर ते मोठं आहे ना! शेवटी नाशिकच्या द्वारकाजवळच्या एका गॅरेजवाल्याने ब्रेकला जोर देणाऱ्या व्हॅक्यूमचा प्रॉब्लेम शोधून पंप बदलला आणि सहज बोलून गेला की या मॉडेलच्या याच कामाला त्याच्याकडे बऱ्याच आल्यात. हा माणूस म्हणजे चालताबोलता डेटाबेस, पण त्याचा डेटा त्याच्या ऑइल लागलेल्या वहीत राहतो. कंपनीच्या हिशोबात भावाची गाडी एकदम ओके, कारण मी जॉबकार्ड बघितलं तर त्यावर ब्रेकचं अक्षर नव्हतं, "जनरल चेकअप" आणि वॉशिंग.

आमच्या धंद्यात जे कागदावर नाही ते झालंच नाही. सर्व्हिस ॲडव्हायझर गोड बोलतो, "भाऊ बघून घेतो, लिहायची गरज नाही", आणि तिथेच तुमची तक्रार मेली. वॉरंटी क्लेम कमी दाखवायचं त्याला पण प्रेशर असणार, त्याच्यावर राग काढून उपयोग नाही.

ओव्हरलोडचं मात्र कबूल करावं लागेल. कागदावर दीड-पावणेदोन टन आणि हौद्यात किती असतं हे सगळ्यांना माहीत आहे, आरटीओला पण माहीत आहे, वर स्प्रिंगचे दोन पाटे जास्तीचे टाकून घेतो आपण. त्यामुळे कंपनीला आयतं कारण मिळतं. पण ओव्हरलोडने पाटा तुटेल, टायर फुटेल, लायनर जळेल. फॅक्टरीत पाईप नीट जोडला गेला नाही तर तो काय कांद्याच्या वजनाने सैल झाला का? आणि दुसरं, ही गाडी इथे कशी वापरली जाते हे कंपनीला माहीत नाही असं कोण म्हणेल, जाहिरातीत तर पोत्यांचा डोंगर लादून चढ चढताना दाखवतात.

सगळ्यात वाईट हाल सेकंडहँड घेणाऱ्याचे. रिकॉलचा मेसेज जातो कंपनीकडे जो नंबर आहे त्याला, म्हणजे शोरूममधून घेतली त्याला. त्याने विकली मालेगावला, तिथून गेली सटाण्याला, आरसी बुकावर नाव बदललंय पण कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये अजून पहिलाच मालक. तो मेसेज डिलीट करतो, त्याला वाटतं इन्शुरन्सवाल्यांचा आहे. आरटीओकडे आत्ताच्या मालकाचं नाव-पत्ता सगळं 'वाहन' या सरकारी डेटाबेसमध्ये आहे, पासिंगला गाडी येतेच, तिथेच चेसी नंबर टाकून रिकॉलचं काम झालंय का नाही बघितलं तर काय बिघडतं? पीयूसी नसेल तर अडवता ना, मग ब्रेकचा पाईप बाकी असेल तर पण अडवा. ही माझी मागणी आहे आणि वाहतूकदार संघटनांनी डिझेलच्या भावाइतक्याच जोरात ती केली पाहिजे असं माझं मत आहे.

तोपर्यंत ज्यांच्याकडे पिकअप आहे, कुठल्याही कंपनीची, त्यांनी चेसी नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला फोन लावा आणि सरळ विचारा, या नंबरवर काही रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेन बाकी आहे का. कंपन्यांच्या वेबसाईटवर पण नंबर टाकून बघता येतं बऱ्याच वेळा. जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ वाली सेकंडहँड घेतलेली असेल तर नक्कीच विचारा. गाडी आत टाकताना ब्रेक-स्टिअरिंगची तक्रार जॉबकार्डवर तुमच्या शब्दात लिहून घ्या, फोटो काढा, मगच सही करा. आणि कुणाचं पेडल घाटात असंच कडक होत असेल तर खाली कमेंटमध्ये मॉडेल, साल आणि किलोमीटर टाका, नाव नको, गाडी नंबर नको. मी एक्सेलमध्ये भरतो. त्या द्वारकावाल्याची वही पण मागितलीये, म्हणाला दिवाळीनंतर ये, आत्ता टाईम नाही.